सैल लगाम

मराठीत 'सैल लगाम' या शब्दांना कोणी कधी चांगल्या संगतीत बसविल्याचे मला आठवत नाही. खर्चाचा लगाम सैल सुटला की घर बुडते, जिभेचा सुटला की मैत्री तुटते, आणि मुलांचा सुटला की काय होते ते सांगण्याची गरजच नाही. प्रत्येक आईबापाने ते वाक्य आपापल्या परीने पूर्ण केलेलेच असते. मी पेशाने शिक्षक. घरी एक आणि वर्गात चाळीस असे एकेचाळीस लगाम माझ्या हाती होते, आणि ते मी पस्तीस वर्षे आवळून धरले. त्याचा मला अभिमानही होता. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मुळशी तालुक्यातील एका माळावर, हातात खरारा घेतलेल्या एका मोतद्दाराने तो अभिमान दोन वाक्यांत उतरवून ठेविला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे; मात्र ती डब्लिन शहराला वळसा घालून सांगावी लागणार, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्यातील जागा सोडून पौडच्या रस्त्याला एका खेड्यात राहावयास आलो. चिरंजीव हिंजवडीला कामास जातात, आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातच मोडते, हे एक सबळ कारण. पावसाळ्यात समोरच्या डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा हे माझ्या दृष्टीने त्याहूनही सबळ. घरापासून कोसभर अंतरावर घोड्यांचे एक मैदान आहे. तेथे तेरा वर्षांची आमची नात दर रविवारी सकाळी उडीचे शिक्षण घेण्यास जाते आणि तिला पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असते. मी कुंपणापाशी एका दगडी पारावर बसतो. वर्तमानपत्र उघडतो आणि वाचीत नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. मैदानात दहाबारा ठिकाणी दोन दोन खांब उभे असतात आणि त्यांच्यामध्ये रंगीत दांड्या आडव्या ठेवलेल्या असतात. दांडी खांबाला बांधलेली नसते. एका उथळ वाटीत ती नुसती टेकविलेली असते. घोड्याचा खूर लागला की ती पडते. मुलांच्या मैदानात ती गुडघ्याच्या किंचित वर असते, जागतिक स्पर्धांत सुमारे १.६० मीटरवर, म्हणजे माझ्या नाकाशी. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळात, सर्व दांड्या ओलांडावयाच्या. पडलेल्या प्रत्येक दांडीचे चार दोष. घोडा दांडीपुढे येऊन थांबला, तर त्याला 'नकार' म्हणतात. त्याचेही चार दोष. ज्याचे दोष शून्य, तो पहिला. ज्या परीक्षेत शून्य मिळविणारा पहिला येतो, तशी परीक्षा माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना फार मानवली असती!

परंतु या हिशेबात एक बारकावा आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दांड्या कितीही पडोत, स्वाराला शेवटपर्यंत जाता येते. नकार मात्र दुसऱ्यांदा झाला की स्वार बाद. चुकलेल्याला खेळात जागा आहे. थांबलेल्याला एकदाच क्षमा आहे. हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. पुढे त्याने माझी झोप उडविली.

शिक्षकाला एखादी गोष्ट करता येत नसली म्हणजे तो तिच्यावरचे पुस्तक वाचतो. नात उड्या मारू लागली तसा मी उड्यांचा इतिहास वाचू लागलो. एके रात्री त्या वाचनात अगदी अनपेक्षितपणे 'आगाखान' हे नाव समोर आले.

पुणेकराला या नावाचा एकच अर्थ ठाऊक. नगर रस्त्यावरचा तो वाडा, १८९२ साली बांधलेला. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधला, असे सांगतात. १९४२ च्या ऑगस्टात गांधीजींना तेथेच स्थानबद्ध करून ठेविले. त्याच महिन्याच्या १५ तारखेस महादेवभाई देसाई तेथे गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा. माझ्या नोकरीच्या काळात दरवर्षी मी मुलांची एक रांग त्या समाधींपुढे नेऊन उभी करीत असे. 'हात मागे! आवाज नको!' आगाखान म्हणजे गप्प उभे राहण्याची जागा, हे समीकरण माझ्या मनात इतके पक्के झाले होते की, या नावाला आणखी काही अर्थ असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती.

आणि तिकडे आयर्लंडात १९२६ पासून हेच नाव एका करंडकाचे आहे. डब्लिनच्या अश्वप्रदर्शनात तो करंडक लढविला जातो तेव्हा, वर्णनांवरून तरी, तेथे गप्प कोणी उभे राहत नाही. करंडक देणारे तिसरे आगाखान म्हणजे हा वाडा बांधणारे तेच गृहस्थ. १८७७ साली ते कराचीस जन्मले. १८८५ मध्ये त्यांचे वडील पुण्यास वारले, तेव्हा मुलगा आठ वर्षांचाही नव्हता; आणि त्या वयात एका पंथाची गादी त्याच्याकडे आली. घोड्यांचा नाद या घराण्यात आजोबांपासून होता. पुढे या मुलाच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी शर्यत पाच वेळा जिंकली. पण मला आवडला तो शर्यतीच्या घोड्यांचा धनी नव्हे, उडीच्या घोड्यांना करंडक देणारा.

त्याची गोष्टही मजेदार आहे. डब्लिनला घोड्यांच्या उड्यांचे खेळ १८६८ पासून होत असत. पण ते घरगुती. या प्रदर्शनात निरनिराळ्या राष्ट्रांच्या संघांना बोलवावे, अशी सूचना एका स्विस कर्नलाने केली, ती आगाखानांच्या कानावर गेली आणि त्यांनी करंडक देऊ केला. पहिल्या वर्षी ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड असे सहा देश उतरले. जिंकले स्विस, परंतु त्यांचे घोडे आयर्लंडात पैदा झालेले, त्यामुळे यजमानांनाही दुःख आवरते घेता आले. १९३० पर्यंत स्विसांनी तिसऱ्यांदा जिंकून तो करंडक कायमचा आपल्या घरी नेला. मग दुसरा करंडक आला, तो १९३७ मध्ये आयर्लंडने कायमचा मिळविला. असे करता करता आज जो फिरतो आहे तो सहावा करंडक आहे. तो १९८० मध्ये चौथ्या आगाखानांनी दिला. महायुद्धाच्या वर्षांत स्पर्धा बंद होती. म्हणजे ज्या दिवसांत वाड्याचे बंदिगृह झाले होते, त्या दिवसांत करंडकही कपाटात मुकाट बसला होता. या योगायोगाने मला का कोण जाणे, थोडे बरे वाटले.

त्या सहा देशांत आयर्लंडची गोष्ट आम्हां लोकांस अधिक जवळची. इंग्रजांच्या हातून सुटून त्या देशाला पुरती चार वर्षेही झाली नव्हती. घरात यादवी होऊन गेलेली, तिजोरी रिकामी. आणि अशा वेळी त्या सरकारने सैन्याची एक अश्वारोहणशाळा काढली, ती जगातील संघांपुढे आपले अधिकारी आपल्या घोड्यांवर उतरावेत म्हणून. दोन वर्षांत, १९२८ साली, करंडक त्यांनी जिंकला. याच काळात आमच्या मुळशीत काय चालले होते? १९२१ ते १९२४ या वर्षांत सेनापती बापटांच्या मागून येथला मावळा टाटांच्या धरणाविरुद्ध उभा होता. तो हरला. गावे पाण्याखाली गेली. मैदानावरच्या मोतद्दाराच्या आजोबांचे गाव त्यांतलेच. पूर्वी त्यांच्याकडे आंबेमोहोर तांदळाची पोती वाहणारी तट्टे होती. जमीन गेली, तट्टे विकली. घोड्यांविषयीची समज मात्र कोणाला पाण्याखाली घालता आली नाही. ती नातवाच्या हातात उतरली.

या समजेचा प्रश्न निघाला म्हणून आणखी एका गृहस्थाची ओळख करून दिली पाहिजे. फेदेरिको काप्रिल्ली हा इटलीच्या घोडदळातील अधिकारी. १८६८ सालचा जन्म. त्याच्या आधी शेकडो वर्षे सर्व घोडदळांत एकच शिकवण होती: घोडा उडी घेऊ लागला की स्वाराने मागे रेलावे, रिकिबीत पाय पुढे रोवावेत आणि लगाम ओढून धरावा. घोड्याचे तोंड वर उचलून धरले नाही तर तो कोसळेल, असा समज. काप्रिल्लीने मोकळ्या घोड्यांना उड्या घेताना पाहिले. स्वार नसलेला घोडा मान लांब करतो, पाठीची कमान करतो, आणि अलगद उतरतो. मग अडचण कोणाची? स्वाराची! त्याने शिकविले की, स्वाराने पुढे झुकावे, घोड्याच्या पाठीवरचा भार काढावा, आणि नेमक्या त्या क्षणी हात पुढे देऊन लगाम सैल सोडावा. वरिष्ठांना हे मुळीच रुचले नाही. त्याची बदलीही झाली. पण १९०२ मध्ये तुरिन येथे त्याने २.०८ मीटर उंचीची उडी मारून दाखविली, आणि हळूहळू साऱ्या जगाने त्याची बैठक उचलली. झारच्या सैन्यातील रॉद्झियान्को नावाचा कर्नल इटलीच्या घोडदळशाळेत ती विद्या शिकला, क्रांतीनंतर देशोधडीला लागला, आणि पुढे त्यानेच आयरिश अधिकाऱ्यांना तयार केले. करंडकाच्या मुळाशी अशी ही सैल लगामाची विद्या आहे.

हे सारे मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने सांगत असे. सूनबाई लक्ष देऊन ऐकत. एकदा त्यांनी विचारले, "मग पुढे त्या काप्रिल्लींचे काय झाले?"

मी भाजीकडे पाहू लागलो. काप्रिल्ली १९०७ मध्ये, चाळिशीच्या आतच, घोड्यावरून पडून वारला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आमची नात पडली.

कुमैत घोडी, निळीपांढरी दांडी, तिसरी उडी. घोडी चौखूर आली आणि दांडीपुढे एकाएकी चारी पाय रोवून उभी राहिली. मुलगी तिच्या मानेवरून पलीकडे गेली. गळ्याजवळचे हाड मोडले. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि सहा आठवडे सांगितले. यापेक्षा कितीतरी वाईट होऊ शकले असते, हे घरातील प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितले, आणि त्यामुळे प्रत्येकाची झोप गेली. त्या आठवड्यात घरी जी चर्चा झाली तीत सर्व दोष घोडीवर आला. घोडी बेभरवशाची, मैदान ओबडधोबड, शिक्षण घाईचे. मी काही बोललो नाही. वडीलधारा माणूस गप्प बसला की लोक त्याला विचारी समजतात.

दुसऱ्या रविवारी नातीचे शिरस्त्राण आणावयास मी मैदानावर गेलो. मोतद्दार घोडीला खरारा करीत होता. मी घोडीकडे रागाने पाहिले असावे. तो हात न थांबविता म्हणाला,

"घोडी खांबाला न्हाई भ्याली, मास्तर. हाताला भ्याली. पोरीनं ऐन टायमाला हात आवळला."

थोड्या वेळाने, अगदी हळू, कोणी ऐकू नये अशा बेताने त्याने पुढचे वाक्य उच्चारले.

"आन् तुमी वरडलात म्हनून आवळला."

होय. मी ओरडलो होतो. घोडी वेगाने येत होती, दांडी मला एकाएकी फार उंच दिसली, आणि पारावरून उठून मी माझ्या वर्गातल्या आवाजात 'सांभाळ!' म्हणून ओरडलो होतो. हे मी घरी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मी ते स्वतःलाही सांगितले नव्हते.

त्या रात्री मला आणखी एक जुनी गोष्ट आठवली. चिरंजीव चौदा वर्षांचे असतील. घोड्यावर बसावयास शिकविणारे एक सुटीतले शिबिर होते. त्याचा अर्ज घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले होते. पालकाची सही हवी होती. मी 'नाही' म्हणालो नाही. मराठी बाप 'नाही' म्हणतच नाही. तो 'बघू' म्हणतो. मी 'बघू' म्हणालो. अर्जाची मुदत शनिवारी संपली. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मुलगा समजूतदार आहे असे मी शेजाऱ्यांना सांगितले. दांडी पाडण्याची संधीही ज्याला मिळाली नाही, त्याला आम्ही समजूतदार म्हणतो! तो नकार माझा पहिला. आता दुसऱ्याची वेळ आली होती.

नात खाटेवर पडून असे, तेव्हा मी तिला डब्लिनच्या गोष्टी सांगे. १९४९ पर्यंत त्या स्पर्धेत केवळ लष्करी अधिकारी उतरू शकत, हे तिला फारच अन्यायाचे वाटले. ऑलिंपिकच्या उड्यांत स्त्रियांना १९५६ मध्ये प्रथम जागा मिळाली, हे ऐकून ती उठूनच बसली. पण तिला सर्वांत आवडली ती आयरिस केलेट. जिच्या जन्माचे साल आणि करंडकाच्या जन्माचे साल एकच, १९२६. या मुलीने १९४९ मध्ये लंडनला राजकन्या एलिझाबेथच्या नावाचा चषक जिंकला. १९५२ मध्ये ती पडली. पाय चुरला, त्यात धनुर्वात झाला. ती पुन्हा घोड्यावर बसेल असे फारसे कोणाला वाटले नसावे. ती बसली, आणि १९६९ मध्ये, डब्लिनच्याच मैदानावर, स्त्रियांची युरोपीय विजेती ठरली. पुढे तिने शिकविलेला एडी मॅकन हा बूमरँग नावाच्या घोड्यावर बसून १९७७, १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ तीन वर्षे करंडक जिंकणाऱ्या आयरिश संघात होता.

"सतरा वर्षं, आजोबा?" नातीने बोटांवर हिशेब करून विचारले. "पडल्यापासून जिंकेपर्यंत?"

"सतरा."

"माझे तर सहाच आठवडे," ती म्हणाली.

होळीच्या सुमारास ती एक कागद घेऊन आली. मैदानावर छोटीशी स्पर्धा होती. पालकाची सही हवी होती. चिरंजीव ओसरीवर चहा घेत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि म्हणाले,

"बघू."

माझाच आवाज. तीच पट्टी, तोच शेवटचा ऊकार. नातीने वाद घातला नाही. कागद उचलला आणि ती आत गेली. पाठीवरून ती थेट तिच्या बापासारखी दिसली. बत्तीस वर्षांपूर्वी अशीच एक पाठ आत जाताना मी पाहिली होती आणि माझा चहा निवांतपणे संपविला होता.

मग मी चिरंजीवांना सर्व सांगितले. 'सांभाळ!' म्हणून ओरडल्याचे सांगितले. मोतद्दाराचे म्हणणे सांगितले. आणि मुदत शनिवारी संपली होती, तेही मला आठवते, असे सांगितले. बहात्तर वर्षांच्या माणसाला क्षमा मागण्याचा सराव नसतो. वाक्ये नीट येईनात. चिरंजीव बराच वेळ समोरच्या डोंगराकडे पाहत राहिले.

"शनिवार नव्हता, बाबा," ते अखेर म्हणाले. "शुक्रवार होता."

आत जाऊन त्यांनी सही केली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सारे गेलो. सूनबाईंनी पदराचा शेवट मुठीत धरला होता. मी पारावर बसलो आणि, विनोद म्हणून नव्हे, खरोखरीच, रुमाल तोंडात धरला. तीच कुमैत घोडी. पहिल्या दोन दांड्या पार झाल्या. तिसऱ्या दांडीशी, त्याच निळ्यापांढऱ्या, घोडी येऊन थांबली. एक नकार, चार दोष. मुलगी या वेळी पडली नाही. तिने घोडीला वळविले, मानेवर थोपटले, मोठे वर्तुळ घेतले, आणि पुन्हा आणली. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. दांडीपाशी येताच ते हात पुढे गेले, घोडीच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी, आणि लगाम सैल झाला. घोडीने मान लांब केली. पाठीची कमान झाली. ती इतकी सोपी दिसली की, यावर जगाने एवढी शतके वाद कशासाठी घातला, असे वाटावे! सातवी दांडी पडली. एकूण दोष आठ. सोळा मुलांत अकरावा क्रमांक.

आगाखान करंडक भारतात कधी आलेला नाही आणि आमच्या नातीमुळे तो येईल अशी अपेक्षा मी बाळगीत नाही. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या तट्टांवर बसणाऱ्या पोरांच्या आया त्या वेळी दारात उभ्या राहून काय म्हणाल्या असतील, हे कोणी लिहून ठेविले नाही. बहुधा त्यांनी काही म्हटले नसावे. बहुधा तेच कठीण होते.

उन्हे चढली तसे लोक पांगले. मोतद्दार घोडीला सावलीत फिरवीत होता. सूनबाई आणि नात पाणी पिण्यास गेल्या होत्या. चिरंजीव कुंपणापाशी उभे होते. शेहेचाळीस वर्षांचे, केस विरळ झालेले, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी एकवार घोडीकडे पाहिले, एकवार माझ्याकडे, आणि जुन्या सवयीनेच विचारले,

"बाबा, मी बसून पाहू का एकदा?"

अगदी जिभेच्या टोकाशी आलेला शब्द मी मोठ्या प्रयासाने गिळला.